हात लावू नये

दीपमाला: उघडला मी. खोटं कशाला बोलू?

समाधान: त्याच्यावर टॅग होता.

दीपमाला: टॅग कसला, नाव होतं. कॉम्प्युटरवर पन्नास फोल्डर आहेत. माझ्या ट्यूशनचे पेपर, पोरीचे प्रोजेक्ट, आईंची भजनं. सगळ्यांची नावं साधी. एकाचंच नाव, 'हात लावू नये. समाधान. बारा फेब्रुवारी. कारण दुरुस्ती.' आता माणूस हात कुठं लावेल?

समाधान: कंपनीत असा टॅग लटकवला ना, की मॅनेजर पण स्विचजवळ जात नाही. नाव, तारीख, कारण. अकरा वर्षांत कुणी एकदा पण टॅग काढला नाही. काढून स्विच दाबला तर पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये आत काम करणाऱ्याचा हात जातो.

दीपमाला: ती चाकणची प्रेस झाली. हे पिंपळे गुरवचं घर आहे.

समाधान: घर आहे म्हणून कुणीही कुणाचं उघडायचं?

दीपमाला: मग पासवर्ड टाकायचा होता. पिंपरीला कॉम्प्युटर घेतला तेव्हाच दुकानवाले नौशादभाई म्हणाले होते, प्रत्येकाचं वेगळं खातं करून देतो, ज्याचं त्यालाच दिसेल.

समाधान: आणि तू काय म्हणालीस? घरातल्या घरात कसली कुलपं. चहा पिता पिता नौशादभाई पण हसले.

दीपमाला: म्हणाले होते मी. तेव्हा लपवण्यासारखं कुणाकडं काही नव्हतं.

समाधान: पासवर्ड टाकला असता तर तुला वाटलं असतं, बाई आहे.

दीपमाला: तो न टाकताच वाटलं. काल दुपारी तासभर माउसवर हात ठेवून बसले होते. बाई निघाली तर पोरीला घेऊन लातूरला जायचं की इथंच राहून दोन हात करायचे, सगळं ठरवून झालं. मग उघडला. आत कान निघाला.

समाधान: हळू बोल. शेजारी ऐकतील.

दीपमाला: हळू बोलले तर तुम्हाला कसं ऐकू येणार?

समाधान: या बाजूनं बोललीस की येतं.

दीपमाला: हेच मला सहा महिने आधी कळलं असतं तर मी या बाजूला बसले असते. आकुर्डीच्या डॉक्टरांचे तीन रिपोर्ट आहेत आत. मला आलेख कळत नाहीत, पण खाली लिहिलंय. उजवा कान जवळजवळ गेला, डावा निम्मा राहिला. कारखान्याच्या आवाजानं. कानाला मशीन लावा आणि आवाजापासून लांब जा. तिन्ही रिपोर्टांत तेच.

समाधान: वाचलंस ना? मग झालं.

दीपमाला: झालं कसं? अर्ज पण आहे. प्रेस शॉपमधून स्टोअरला बदली मिळावी. मार्चची तारीख. टाइप करून ठेवलाय, दिला नाही.

समाधान: देणार होतो. एप्रिलला पर्मनंटची यादी लागली. अकरा वर्षं कंत्राटी राहून पहिल्यांदा नाव आलं. पुढच्या महिन्यात मेडिकल आहे. कंत्राटी माणसाला काढायला कारण लागत नाही, दीपा. त्यात मीच अर्जात लिहून द्यायचं की मला ऐकू येत नाही?

दीपमाला: मेडिकलला कान तपासणारच की.

समाधान: गेल्या वर्षी पण तपासले. कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. आवाज सोडणारा पोरगा काचेपलीकडं बसतो. त्याचा अंगठा दिसत होता. अंगठा खाली गेला की मी बटण दाबत होतो.

दीपमाला: आणि पास झालात.

समाधान: फर्स्ट क्लास.

दीपमाला: हसू नका. मला हसू येत नाही. अजून एक फाइल पण वाचली मी. 'नोंद' नावाची.

समाधान: ती वाचायची नव्हती.

दीपमाला: तारखा टाकून लिहिलंय सगळं. तीन जुलै. फोर्कलिफ्ट मागून रिव्हर्स आली. हॉर्न ऐकू आला नाही. बरोबरच्या मन्सूरनं कॉलर धरून ओढलं. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही काय म्हणालात? शर्ट खिळ्याला अडकून फाटला. मी तो शिवला.

समाधान: कंपनीत कुणी मरता मरता वाचला की रजिस्टरमध्ये लिहायला लागतं. कुठं, कधी, काय झालं. सवय आहे. म्हणून माझं मी लिहीत गेलो. लिहिलं की बरं वाटायचं. कुणाला दाखवायला नव्हतं.

दीपमाला: पण त्यात घरचं पण आहे. पोरगी स्टेशनवरून फोनवर काय बोलली ते कळलं नाही, बरं म्हणालो. शेजारच्या सोपानरावांनी जिन्यात हाक मारली, ऐकू आली नाही, ते आता बोलत नाहीत. आणि माझं तर पान भरलंय.

समाधान: दीपा, ते माझं होतं. माझ्या कानाचं, माझ्या कामाचं. मी कुठं ठेवायचं ते मी ठरवणार.

दीपमाला: तुमचंच होतं. पण माझं पण होतं त्यात. मी सहा महिने समजत होते की या माणसाला माझ्याशी बोलायचं नाही. मी काही विचारलं की हो किंवा बरं. टीव्हीचा आवाज वाढवून बसायचं. मी आरशात बघून विचारायचे स्वतःला, माझं काय चुकलं.

समाधान: मला वाटलं तू रागावलीस ती ओव्हरटाइमवरून.

दीपमाला: ओव्हरटाइमवरून कुणी सहा महिने रागावतं का?

(समाधानची आई रुक्मिणीबाई देवळातून परत येतात.)

रुक्मिणीबाई: गुरुवारची सुट्टी आली की तुमचं सुरू व्हतंय. खाली जिन्यापर्यंत आवाज येतोय.

समाधान: काही नाही, आई.

रुक्मिणीबाई: कानाचं निघालं व्हय?

दीपमाला: आई, तुम्हाला माहीत होतं?

रुक्मिणीबाई: मला त्याला कॉम्प्युटर कशाला लागतोय? होळीपासनं ह्यो जेवाय भिंतीकडं बसतोय. डावा कान आपल्याकडं येतोय तितनं. ह्याचं वडील भोसरीला हातोड्यावर व्हते, लोखंड ठोकायचे. पन्नाशीत बहिरे झाले. ते बी त्याच जागी बसायचे.

दीपमाला: मग मला का नाही सांगितलंत?

रुक्मिणीबाई: त्यानं आपणहून सांगितलं न्हाई, मी कशी सांगू? त्याचं हाय ते.

समाधान: ऐक. आईला कळतं.

रुक्मिणीबाई: तू मला मधी घिऊ नगंस. मी गप बसले ते चुकलंच माझं. ही दोन महिनं झालं माझ्या खोलीत झोपतीय. म्या तिला बी इचारलं न्हाई. म्हणलं, तिचं तिच्यापाशी असू दे. असं ज्याचं त्याच्यापाशी ठिवून घरात कुणी बोलायचं राहिलं न्हाई.

समाधान: तुझ्या पायासाठी झोपते म्हणाली मला. तुझे पाय दाबायला.

रुक्मिणीबाई: माझं पाय चांगलं हायेत. मी आत भाजी निवडाय बसते. तुमी बोला. दीपा, त्याच्या डाव्या अंगाला बस.

समाधान: पायाचं खोटं होतं?

दीपमाला: खोटं होतं. तुमच्या फाइलीत एकोणीस जून आहे. वाचून दाखवू?

समाधान: मला पाठ आहे. दीपा ओट्याशी होती, पाठ माझ्याकडं. कुकर चालू. काहीतरी विचारलं. हो म्हणालो. नंतर ती जेवली नाही.

दीपमाला: तेव्हाच परत का नाही विचारलंत, काय म्हणालीस म्हणून?

समाधान: दिवसातून किती वेळा विचारायचं? तिसऱ्यांदा विचारलं की समोरच्याला कळतं. हो म्हटलं की बहुतेक वेळा भागतं. भाजी आणू का, हो. पोरीची फी भरू का, हो. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल.

दीपमाला: तसंच नव्हतं.

समाधान: काय विचारलं होतंस?

दीपमाला: आता कशाला?

समाधान: सांग. मी तुझ्या तोंडाकडं बघतोय.

दीपमाला: मी विचारलं, तुम्हाला मी नकोशी झालेय का.

समाधान: आणि मी हो म्हणालो.

दीपमाला: लगेच. विचार पण केला नाहीत. म्हणून जास्त खरं वाटलं.

समाधान: आणि दोन महिने हे घेऊन तू या घरात राहिलीस? मला काहीच बोलली नाहीस?

दीपमाला: परत विचारलं असतं आणि परत हो आलं असतं तर? एकदा ऐकलं तेच पुरे होतं.

समाधान: पण डबा रोज भरत होतीस. चार वाजता उठून.

दीपमाला: पहिल्या शिफ्टला पाचला नाशिक फाट्यावर बस येते तुमची. उपाशी कसं पाठवायचं माणसाला? मला राग होता, तुम्हाला भूक लागणारच होती.

समाधान: मला तू नकोशी नाहीस, दीपा. कधीच नव्हतीस. मला भीती वाटत होती की काम गेलं तर मीच या घराला नकोसा होईन.

दीपमाला: हे कुठल्या फाइलीत लिहिलं नव्हतं.

समाधान: हे लिहायला जमलं नाही.

दीपमाला: आज बोललात ते बरं झालं.

समाधान: प्रिंटर चालू आहे का तुझा?

दीपमाला: आहे. कशाला?

समाधान: तो अर्ज काढ. तारीख बदल, उद्याची टाक. रिपोर्ट पण जोड, तिन्ही.

दीपमाला: यादीतलं नाव जाईल कदाचित.

समाधान: जाईल. जाऊ दे म्हणायची माझ्यात ताकद नाही, तू पण म्हणू नकोस. मन्सूर युनियनवाल्यांना भेटून येतो म्हणालाय, ते काय करतात ते बघू.

दीपमाला: म्हणजे मन्सूरभाईंना माहीत होतं. आईंना माहीत होतं. मलाच तेवढं नव्हतं.

समाधान: त्यांच्यासमोर ऐकू आलं नाही तर लाज वाटत नव्हती. तुझ्यासमोर वाटत होती.

दीपमाला: अर्ज उघडलाय. तारीख टाकली. आता शेवटचं विचारते, नीट बघा माझ्याकडं. खरंच काढू? अजून वेळ आहे.

समाधान: काढ. हे मी ऐकून हो म्हणतोय.