समाप्तीची चार पानं

(राजुरी. १९९९चा श्रावण. गावच्या वाचनालयात ग्रंथपाल सुदर्शन, पुस्तक परत मागतोय. समोर लंकाबाई आणि तिची सून जया.)

सुदर्शन : अहो लंकाकाकू, कादंबरीला हळदकुंकू वाहतं का कुणी? ही बघा, पानंच्या पानं पिवळी!

लंकाबाई : वाहायचं न्हाई तर! चौरंगावर ठिवून वाचली आमी.

सुदर्शन : ही काय पोथी आहे? गडाच्या वेढ्याची, लढाईची गोष्ट ही. आणि पंधरा दिवसांचं पुस्तक अडीच महिने? तीनदा निरोप धाडला मी.

जया : मिळाले की निरोप, सर. आत्याच सोडंनात.

लंकाबाई : कशी सोडू? जूनात मोहित कारगिलला गेला अन् मी हितं आले. म्हनलं, भाऊ, लढाईवरचा मानूस काय खातो, कुठं निजतो, समदं कळंल असं कायतरी द्या. तुमी चार पुस्तकं काढली, परत ठिवली, अन् हेच हातात दिलं. म्हनलात, ह्यात शिलेदार भाकरी कशी भाजतो तेसुदीक लिवलंय.

सुदर्शन : म्हणालो खरा.

लंकाबाई : लई उपकार झाले, राव. टीव्हीवर नुसता धूर दिसायचा, ह्यात मानूस दिसला. जया रोज एक प्रकरण वाचायची. त्यो घोंगडीत निजला म्हनलं की वाटायचं, माझंबी लेकरू निजलं आसंल. मग कुठं घास उतरायचा.

सुदर्शन : इकडं माझा जीव टांगणीला! तुम्ही पायरी उतरलात आणि मला आठवलं, शेवटी तो शिलेदार पडतो. कुठून बुद्धी झाली आणि हेच दिलं, असं झालं. निरोप त्यासाठी हो. उशिराचं नुसतं निमित्त.

जया : आमाला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. मला मेलीला शेवटचं पान आधी बघायची खोड. बघितलं अन् चुलीपुढं रडत बसले. आत्यांनी खोदून खोदून विचारलं, सांगावंच लागलं.

सुदर्शन : मग तेव्हाच परत का नाही केलंत?

लंकाबाई : लावलेली पोथी अर्ध्यात सोडत्यात व्हय? अन् समाप्ती तरी कुनाच्या जिवावर करायची? चार पानं ऱ्हायली की मी म्हनायची, जया, फिरव मागं. पुन्हा पहिल्यापासनं! तीन पारायणं झाली. त्याला मरूच दिला न्हाई आमी.

सुदर्शन : आणि मोहित? काही कळलं?

लंकाबाई : काल आला की! कान जरा काळवंडलेत थंडीनं, बाकी धडधाकट. सकाळधरनं गोठ्यात म्हशीशी गप्पा चालल्यात.

सुदर्शन : अरे देवा! आणि मी हळदीवरून भांडत बसलोय. आधी नाही का सांगायचं?

जया : तुमी बोलू दिलंत तर ना.

सुदर्शन : चुकलोच बाई. आता दुसरं पुस्तक देतो. ह्यातला सरदार सुखरूप घरी येतो, माझी हमी.

लंकाबाई : ते न्या म्हनाल तवा नेऊ. हे मातुर आजचा दिस ऱ्हाऊ द्या. पुरन घातलंय, सांच्याला जेवायला या. समाप्ती हाये. ती चार पानं मोहितच वाचनार.

सुदर्शन : अहो, आनंदाच्या दिवशी ते मरण कशाला वाचायचं?

लंकाबाई : असं कसं, भाऊ? माझ्या भ्यापायी त्या बिचाऱ्याला अडीच म्हैने अडवून धरलं. माझं लेकरू घरी आलं. आता त्याच्यासाठी रडायला मी मोकळी झाले.