अर्धा सूर खाली

लेक : यंत्र जोरात फिरत नाहीये, बाबा. ठीक आहे ते. कालच सुई बदलून आणलीय.

बाबा : मग तबकडी तापली असेल. उन्हात ठेवली होतीस?

लेक : तापली की वाकडी होते. जोरात फिरत नाही.

बाबा : ठमे, माझं गाणं आहे ते. माझ्याच बँडनं वाजवलेलं, मीच गायलेलं. आत्ता त्याच्याबरोबर गायला गेलो, तर ते डोक्यावरून निघून गेलं. फलाटावर उभा राहिल्यासारखा राहिलो मी.

लेक : हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय बाळाचा.

बाबा : त्या ढणढणाटात झोपतो, आणि माझ्या बोलण्यानं उठेल?

लेक : ढणढणाट थांबला की उठतो. म्हणून बारीक केलंय, बंद नाही. मीही तशीच होते. आई म्हणायची, ही बापाच्या किंचाळण्याशिवाय झोपत नाही.

बाबा : किंचाळणं म्हणायची?

लेक : प्रेमानं हो. तुम्ही दौऱ्यावर. मला वाटायचं, बाबा त्या खोक्यातच राहतात. एकदा म्हणे त्याला कपाळ टेकवून बसले होते, बाहेर या, बाहेर या म्हणत.

बाबा : हे मला कुणी सांगितलं नाही.

लेक : सांगायला तुम्ही होतात कुठे? थांबा, दार वाजलं. काका असतील.

काका : बेल दाबली नाही बरं का पोरी, बाळ झोपलं असेल म्हणून. चला मालक. गाडी खाली उभी आहे, ड्रमर भुकेनं पिसाळलाय, आणि मैदानावर लोक आत्तापासून कुंपणाला चिकटलेत.

बाबा : बस, चष्म्या. गिटार काढ.

काका : गिटार गाडीत आहे.

बाबा : पाठीला काय लटकवलंयस मग? काढ. आणि त्या तबकडीबरोबर वाजव. हळू.

काका : उशीर होतोय रे.

बाबा : वाजव म्हटलं ना.

लेक : काका, यंत्र खरंच जोरात फिरतंय का?

काका : नाही पोरी. यंत्र बरोबर आहे. माझ्याच तारा खाली लावलेल्या आहेत.

बाबा : किती उतरवलीय पट्टी?

काका : आधी अर्धाच सूर. त्या हिवाळ्यात तुझा खोकला हटत नव्हता. म्हटलं, बरा झाला की परत चढवू.

बाबा : बरा झालो की मी.

काका : तू झालास. गळा नाही झाला. मग आणखी अर्धा सूर. मग थोडं थांबून आणखी. वरचा सूर लागला की तू माझ्याकडे बघून भुवई उडवायचास. बघ, अजून लागतो. त्या भुवईला खाली आणायची माझी छाती नाही झाली.

बाबा : सगळ्यांना ठाऊक होतं?

काका : तारा सगळ्यांच्याच सैल कराव्या लागतात. तू यायच्या आत उरकून घ्यायचो. तुला वाटायचं, पोरांना शिस्त लागली.

बाबा : मी माईकवर कौतुक केलं होतं त्याचं.

काका : केलं होतंस. ड्रमर तर लाजला होता. त्याला तर तारच नाही.

बाबा : आणि बेसवाला? भर कार्यक्रमात बेसूर वाजवतो म्हणून हाकललं मी त्याला.

काका : तो त्या दिवशी उतरवायला विसरला.

बाबा : म्हणजे त्या अख्ख्या स्टेजवर मूळ सुरात तो एकटाच होता.

काका : तोंड उघडलं नाही त्यानं. केबल गुंडाळली आणि गेला.

लेक : बाबा, पाणी घ्या थोडं.

बाबा : नको. चष्म्या, तू हो पुढे. घसा बसला म्हणून सांग लोकांना.

काका : लोकांचं मी बघतो. मला काय सांगतोस?

बाबा : त्यांना तो हवाय रे, तबकडीतला. मलाही तोच हवाय. आज इतका जवळ होता, हात लावावा इतका. आणि मला त्याच्याबरोबर एक ओळ म्हणता येईना.

लेक : मलाही तो हवा असायचा, बाबा. सगळं लहानपण. एक मिनिट हं, बाळाचा श्वास बघून येते... आहे, झोपलाय. काय म्हणत होते मी? सकाळी तुम्ही त्याला आंघोळ घालताना हेच गुणगुणत होतात. कुठल्या पट्टीत ते मला कळत नाही. तो रडायचा थांबून तुमच्या तोंडाकडे बघत राहिला. मी दाराआड उभी होते. आत आले असते तर तुम्ही थांबला असतात.

बाबा : ते काय गाणं होतं?

लेक : माझ्यासाठी होतं. आणि खरं सांगू? आज तुम्ही घरी राहिलात तर मला बरंच वाटेल. पण मला घरात बाबा हवे होते. रुसून बसलेला गवई नको.

काका : हे मी म्हटलं असतं तर मला मार बसला असता.

बाबा : बेसवाला कुठे असतो हल्ली?

काका : वाद्यांच्या दुकानात. तारा विकतो.

बाबा : वाटेत आहे?

काका : वळसा पडेल. आणि तो येईलच असं नाही.

बाबा : नाही आला तर नाही. दारात जाऊन उभा तर राहतो. ठमे, माझं जाकीट दे.

काका : आणि गाणी? उतरवून वाजवायची ना?

बाबा : उतरवूनच. पण आज माझ्यासमोर उतरव. मला ऐकायचंय.