नऊ नंबरची जर्सी

मंडळी, ऐका! मृदंगवाले बुवा, हात जरा आवरा, आज प्रश्न अवघड आहे. काम केलं एकाने, नाव लागलं दुसऱ्याचं! आणि त्या दुसऱ्याने मागितलं नव्हतं हो, आपसूक लागलं. तर त्याने ते ठेवावं, का परत करावं? ...काय? ठेवावं? ते खांबाला टेकलेले पाहुणे म्हणाले बघा! बाबा, खरं बोललात. आपण सगळे ठेवतोच.

सांगलीकडे एक कॉलेज. तिथे पोरांची बास्केटबॉलची टीम. जिमखान्याच्या भिंतीवर फळा, कुणाचे पॉइंट सगळ्यात जास्त ते रंगाने लिहिलेलं. सगळ्यात वर काय? ‘एका मॅचमध्ये एक्कावन्न – दिगंबर आवटी!’ इतकी वर्षं झाली, कुणाला मोडता आलं नाही. पोरं मॅचला निघाली की त्या नावाला हात लावून पाया पडायची!

आणि गंमत ऐका – हसू नका – हा दिगंबर आवटी कॉलेजकडून एक मिनिटसुद्धा खेळला नव्हता!

मग एक्कावन्न आले कुठून? आभाळातून पडले?

परगावी फायनल होती. गाडीभाड्याची ओढाताण, म्हणून सहाच पोरं गेलेली. पाच आत, सहावा दिगू बाकावर. वर्षभर बाकावरच! त्याचं शेवटचं वर्ष, शेवटची मॅच. आणि मॅच सुरू झाली न झाली तोच टीमचा हुकमी खेळाडू, रावसाहेब खोत, पोरांचा राऊ, त्याच्या नाकावर कोपर बसलं. रक्ताची धार! पंच म्हणाले, "रक्ताची जर्सी चालायची नाही. बदला, नाहीतर बाहेर बसा."

दुसरी जर्सी होती कुठे? राऊ बाहेर बसला की आत कोण? दिगू! अहो, ज्याची वर्षभर वाट बघितली ते ताट समोर वाढून आलं! तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तर उडी मारून उठलो असतो.

दिगूने काय केलं? अंगातली नऊ नंबरची जर्सी ओढून काढली. "राऊ, घाल ही. मी आत गेलो तर आपण हरतोय रे. तू खेळ."

आणि बसला. थंडीचे दिवस, उघड्या अंगाने, राऊचं रक्ताळलेलं कापड मांडीवर घेऊन.

राऊ असा खेळला, असा खेळला! एक्कावन्न! पण पॉइंट लिहिणारा टेबलावरचा माणूस तोंड बघून लिहीत नाही मंडळी, नंबर बघून लिहितो. जर्सी बदलली हे टेबलावर सांगायचं काम टीमच्या सरांचं, ते गडबडीत विसरले. नऊ नंबर म्हणजे आवटी, झालं! कप हातात आल्यावर घोळ कळला. सर म्हणाले, "आता तोंड उघडलं तर समोरचे तक्रार करतील, कप जाईल. गप्प बसा." सगळे गप्प बसले.

वर्षं गेली. सर गेले. टीममधली बाकीची पोरं पांगली. दिगूला गावात म्हणायला लागले ‘रेकॉर्डवाले आवटी’. आधी लाजायचा, मग नुसता मान हलवायचा. पुढे पुढे नातीला सांगायला लागला, मॅच कशी झाली ते! अहो, खोटं एकदम येत नाही घरात. आधी ओसरीवर बसतं.

कॉलेजला पन्नास वर्षं झाली. ठरलं, रंगाचा फळा काढायचा, संगमरवर बसवायचा, नावं कोरायची! पडदा कोण ओढणार? रेकॉर्डवाले आवटी! दिगंबरराव फेटा बांधून उभे. पुढे नात बसलेली. आणि मागे, भिंतीला टेकून, राऊ खोत. आला होता बिचारा टाळ्या वाजवायला!

दिगूचा हात पडद्याच्या दोरीला लागला. रंग पुसता येतो, मंडळी. दगडावरचं कसं पुसायचं?

दोरी सोडली. माइक धरला. "मला माफ करा. यातला एकही पॉइंट माझा नाही. सगळे त्या खोताचे. मी बाकावर होतो. कप परत मागितला तर देऊन टाका."

प्राचार्यांना दरदरून घाम! आणि नात – तिने मान खाली घातली हो. याचीच तर त्याला भीती होती.

मागून राऊ उठला. पुढे आला. "आरं दिगू, कशाला बोललास? पण बोललास तर सगळं सांग की! जर्सी कुणाची होती? मी बाहेर बसलो असतो तर ते एक्कावन्न कुठनं आले असते? तुझी मॅच खाल्ली मी. आजवर घास गोड लागला नाही त्याचा."

कोपऱ्यात बॉल होता. राऊने आणून हातात दिला. "टाक. तुझी मॅच ऱ्हायलीय."

दिगूने चप्पल काढली. नमस्कार केला. टाकला... बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही! डोळे पुसत म्हातारा हसला, "बघा! आता तरी पटलं ना, एक्कावन्न माझे नव्हते ते?"

नात धावत गेली, बॉल उचलला, आजोबांच्या हातात परत दिला.

थांबा, टाळ वाजवू नका अजून. दिगूचं सोडा. तुमचं काय? ‘हे घर मी उभं केलं!’ तुमची जर्सी अंगात घालून चुलीपाशी कोण राबलं? ‘पोरांना मी शिकवलं!’ पोटाला चिमटा कुणी घेतला? आणि श्वास? तो तरी तुम्ही घेता? पांडुरंग आपला नंबर लावून आत खेळतो, आपण बाकावर, आणि फळ्यावर नाव आपलं!

दोरी तुमच्याही हातात आहे. आज घरी जा, ताटावर बसा, आणि जिने भाकरी थापली तिला पोरांदेखत सांगा – "खेळलीस तू. नाव माझं लागलं." जीभ अडखळेल. अडखळू दे.

आता वाजवा टाळ. विठ्ठल, विठ्ठल!