मीठ मागितलं होतं

महादेवराव: तो रेडिओ उलसाक बंद कर ना बाई. माह्यं बोलणं मलेच ऐकू येऊन नाही राहिलं.

आकांक्षा: रेडिओ चालूच राहील. आवाज कमी करते पाहिजे तर.

महादेवराव: बरं. राहू दे मंग.

आकांक्षा: पाणी घ्या. अन् काय ते लवकर सांगा, साडेतीनला मला निघायचं आहे. घरी कोणी बिमार आहे का? आई?

महादेवराव: माय बरी हाय तुही. अमोल बी बरा हाय, सून बी. कोनी बिमार नाही.

आकांक्षा: मग आज इकडं कसे? तीन वर्षांत एकदा नाही आले तुम्ही अमरावतीला. खालच्या घरमालकीण पार्बताकाकू म्हणाल्या, तुझे बाबा आलेत, तर मला वाटलं त्या दुसऱ्याच कोणाला सांगून राहिल्या.

महादेवराव: घरून नाही आलो. अकोल्याहून येऊन राहिलो. गाडीतून उतरलो अन् सीधा ऑटो केला.

आकांक्षा: अकोल्यात काय होतं? थांबा, तुमच्या पिशवीवर लिहिलं आहे. 'नवा मी. आत्मपरिवर्तन शिबिर.' बाबा, तुम्ही शिबिराला गेले होते?

महादेवराव: अमोलनं नाव टाकलं. फार्म बी त्यानंच भरला मोबाईलवर. बागेचं पाणी बंद हाय सध्या, महिनाभर तसं काही काम नाही, म्हून...

आकांक्षा: आलं लक्षात. माझ्यासोबत इथं गीतांजली राहायची. ती पण असंच एक शिबिर करून आली. दारातच माझ्या गळ्यात पडून रडली, ज्या मावशीशी बोलत नव्हती तिला फोन करून माफी मागितली. पंधरा दिवस पहाटे उठली. सोळाव्या दिवशी बादलीवरून माझ्याशी भांडली, ते खोली सोडेपर्यंत. तुमच्या पिशवीत पण एक कागद असेल ना? ज्यांना दुखावलं त्यांची नावं लिहा. माझा नंबर कितवा आहे त्यात?

महादेवराव: हाय तसं एक पुस्तक. शेवटच्या दिवशी भरा लागते.

आकांक्षा: काढा. वाचून दाखवा.

महादेवराव: कोरं हाय ते.

आकांक्षा: म्हणजे इथं बसून भरायचं होतं.

महादेवराव: तू बोल, बाई. जे बोलाचं हाय ते बोल. पुस्तकाचं मंग पाहू. तुही ड्युटी हाय का साडेतीनले?

आकांक्षा: लॅबची ड्युटी सकाळीच असते, रक्त तपासायची. गुरुवारी मी एका बाईंकडे जाते. समुपदेशक आहेत.

महादेवराव: डाक्टर?

आकांक्षा: तसंच समजा. औषध देत नाहीत. मी बोलते अन् त्या ऐकतात.

महादेवराव: नुसतं बोलून काय होते?

आकांक्षा: मला पण तसंच वाटायचं. अन् मी काही कमी करून नाही पाहिलं बाबा. पाचला उठून पाहिलं, वहीत रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या, एका महाराजांचा दोरा वर्षभर हातात ठेवला. मोबाईलवर एक माणूस सांगतो, आरशात पाहून म्हणा की मी खुश आहे. ते पण म्हटलं. शेजारची भिंत पातळ आहे, पलीकडच्यांनी ऐकलं असेल. आता या बाई. दीड वर्ष झालं. बरी होईन की नाही माहीत नाही. मागच्या महिन्यात रेडिओ न लावता अंघोळ केली, एवढंच काय ते झालं आहे आतापर्यंत.

महादेवराव: रेडिओचं काय हाय हे?

आकांक्षा: आवाज नसला की माझा श्वास अडकतो, खोलीत माणूस असलं की जास्तच. लॅबमध्ये सगळे मान खाली घालून काम करतात, तर मी मशीनजवळची जागा मागून घेतली. ती घरघर करत असते दिवसभर.

महादेवराव: म्हंजे, हे त्या वर्षीचं.

आकांक्षा: हो, त्या वर्षीचं. बाईंना सांगताना आधी संत्र्याची बाग समजावून सांगावी लागली. त्या कोकणातल्या आहेत. मी म्हटलं, आमच्याकडं डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं सुकायला लागली की मग पाणी सोडायचं, तेव्हा झाड फुलावर येते. ताण नाही दिला तर नुसता पाला. मग सांगितलं, मी दुसऱ्यांदा परीक्षेत नापास होऊन घरी आले तेव्हा बाग ताणावर होती. बाबा अंगणात उभे राहिले, आईला अन् अमोलला बोलावलं आणि म्हणाले, हिच्याशी आजपासून कोणी बोलायचं नाही. लाडानं नुसता पाला झाला हिचा, हिला पण ताण पाहिजे. त्या बाई लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवला.

महादेवराव: म्या रागानं नव्हतं केलं.

आकांक्षा: रागानं केलं असतं तर बरं झालं असतं. राग चार दिवसांत उतरतो. तुम्ही शिस्तीनं केलं, कॅलेंडरवर खुणा करून. चौतीस दिवस. आई ताट ठेवायची अन् पाठ फिरवायची. पस्तिसाव्या दिवशी मी बॅग घेऊन निघाले, तेव्हा सुद्धा कोणी विचारलं नाही की कुठं चालली.

महादेवराव: त्या दिवसापासून तुही माय माह्याशी कामापुरतं बोलते. भाकर झाली. मोटर बंद करा. बस, एवढंच.

आकांक्षा: अमोल सांगत होता. पण ती तेव्हा माझ्याशी बोलली नाही ना बाबा. मला तिचं पण लागलंच आहे.

महादेवराव: तिले म्या शपथ घातली होती. माह्या जिवाची.

आकांक्षा: शपथ?

महादेवराव: हाव. पयल्याच दिवशी. तुले माहीत नव्हतं?

आकांक्षा: मला कोण सांगणार होतं.

महादेवराव: हाव. ते बी खरं हाय.

आकांक्षा: मग हे शिबिराचं कुठून आलं डोक्यात?

महादेवराव: अमोलच्या लग्नात तू माह्या पाया पडली. म्या ठरोलं होतं, आज पोरीशी बोलाचंच. काय बोलाचं ते बी घोकून ठेवलं होतं. अन् तू समोर आली तं तोंडच उघडेना. हात वर केला, तसाच उभा राहिलो. तू चालली गेली. मंग कितीक दिवसांनी अमोलले म्हणलं, बाबू, माणसाले बोलणं शिकोते असं कुठी काही हाय का, पाय बरं. त्यानं हे धुंडलं. तठी गेलो, तं पयल्याच सकाळी त्यांनी सांगतलं का आजपासून सात दिवस मौन. कोनाशी बोलाचं नाही, कोनाकडं पायाचं बी नाही.

आकांक्षा: बोलायला शिकायला गेले अन् तोंड बंद करून घेतलं?

महादेवराव: अमोलनं फार्म धड वाचलाच नाही. म्या म्हणलं ठीक हाय, एवढे शिकलेले लोक बसले, काही तरी असन. ऐंशी जण होते. माह्या बाजूले एक रिटायर मास्तर होते, त्याइचा चेहरा पाहून वाटे का माणूस आताच आंग धुऊन आला. त्याइले खरंच चांगलं वाटत होतं, खोटं कावून बोलू. तिसऱ्या दिवशी दुपारी वाढणाऱ्या बाईनं ताट ठेवलं अन् चालली गेली. पायलं बी नाही माह्याकडं. वरणात मीठ नव्हतं. मले मागता येईना. हात तसाच ताटात राहिला, अन् मले आठोलं. तूनं मले इचारलं होतं. बाबा, मीठ हाय का.

आकांक्षा: तुमाले ते आठवते?

महादेवराव: मिठाचा डब्बा माह्याच हातापाशी होता. म्या पेपर वाचत राहिलो.

आकांक्षा: भाजीत मीठ होतं बाबा. बरोबर होतं. मले फक्त कोणी काही बोलावं असं वाटत होतं. 'घे' म्हणलं असतं तरी पुरलं असतं.

महादेवराव: ते नव्हतं माहीत मले. मीठ कमी असन, असंच वाटलं होतं इतके दिवस.

आकांक्षा: मग काय केलं तुमी? तिथं, ताटावर?

महादेवराव: उठून उभा राहिलो अन् मोठ्यानं म्हणलं, मीठ हाय का. सगळे दचकले. त्यांचे मुख्य आले, अंगावर शाल, माह्या खांद्यावर हात ठेवला. गोड माणूस हाय. म्हणले, काका, तुमचं मन आणखी तयार नाही, मौनाले घाबरू नका. म्या म्हणलं, महाराज, तुमचं मौन या लोकाइले निवांत करत असन. म्या ते माह्या पोरीवर वापरलं. मले इथी बसवत नाही. पिशवी उचलली अन् निघालो.

आकांक्षा: म्हणजे सात दिवस पूर्ण नाही केले.

महादेवराव: तिसऱ्याच दिवशी पळालो. पुस्तक कोरं हाय ते त्याच्यानंच. मंग अकोल्याच्या स्टॅन्डवर बसलो. आपल्या तिवश्याची, घरची गाडी लागली, चढलो नाही. अमरावतीच्या तीन सोडल्या. शेवटी एका धर्मशाळेत पडलो, अन् आज आलो.

आकांक्षा: तुमी बदलले, हे मी कशावरून मानू?

महादेवराव: नको मानू. मलेच माहीत नाही. साठी उलटली माह्यी. उद्या घरी जाऊन कोनावर खेकसीन बी. पण ते चुकलं माह्यं, बाई. तुह्या भल्यासाठी केलं, असं म्या तीन वर्षं सगळ्याइले सांगत होतो. भल्यासाठीच केलं होतं, तरी चुकलं. झाड काही मागत नाही. तूनं मागतलं होतं.

आकांक्षा: बाबा.

महादेवराव: हं.

आकांक्षा: बाबा, असे चूप नका बसू.

महादेवराव: काय झालं? रेडिओकडं कावून पाहून राहिली?

आकांक्षा: काही नाही. गाणं संपलं ना, दुसरं लागलं नाही अजून. बोला काही तरी. काही पण बोला.

महादेवराव: बोलतो, बोलतो. काय बोलू... हां. चौथ्या ओळीतलं शेवटचं झाड, विहिरीकडचं. तू बारावीले होती तवा आपल्या हातानं लावलं होतं. आठवते? त्याच्यासाठी रडली होती का मलेच लावायचं म्हून. ते झाड आता माह्या डोक्याच्या वर गेलं. सगळी बाग ताणावर हाय, अन् त्या झाडाखाली पाय, तं माती ओली. तीन वर्षं झाले. तुही माय भांड्याचं पाणी बादलीत जमा करते अन् दुपारी म्या डोळा लावला का नेऊन टाकते. तिले वाटते मले माहीत नाही. म्या पायतो, अन् पडून राहतो.

आकांक्षा: अन् फळ येते त्याले? ताण नसताना?

महादेवराव: येते. कमी येते, पण येते.

आकांक्षा: गोड आहे?

महादेवराव: म्या कुठी खाल्लं. ती हात लावू देत नाही मले. सगळे संत्रे अमोलच्या हातानं तुह्याकडं पाठोते.

आकांक्षा: ते त्या झाडाचे होते?

महादेवराव: मंग कशाचे? त्यानं सांगतलं नाही?

आकांक्षा: मले वाटलं, तुमी व्यापाऱ्याच्या पेटीतले उरलेले पाठवून राहिले. मी लॅबमध्ये वाटून टाकत होते बाबा. दरवर्षी. एक पण नाही खाल्लं.

महादेवराव: जाऊ दे. लोकाइनं तं खाल्ले. वरच्या फांदीले आणखी दोन-चार राहिले असतीन, म्या पायतो जाऊन. तुहा श्वास कसा हाय आता?

आकांक्षा: बरा आहे. साडेतीन वाजले. मी अजून घरी येणार नाही बाबा, हे आधीच सांगते.

महादेवराव: म्या ये म्हणलं बी नाही.

आकांक्षा: पुढच्या गुरुवारी या. दोनला. अर्धा तास बसू. आईला वाटलं तर तिला पण आणा, पण शपथ सोडवून आणा.

महादेवराव: आणतो. सोबत काय आणू, डब्बा गिब्बा?

आकांक्षा: काही नका आणू. चूप नका बसू, एवढंच करा. अन् आता कोपऱ्यापर्यंत चला माझ्यासोबत, तिथून तुमाले स्टॅन्डचा ऑटो भेटेल.

महादेवराव: चाल. तुहा रेडिओ चालू राहिला बाई.

(आकांक्षा रेडिओ बंद करते.)

आकांक्षा: केला बंद. तुमी बोला पुढं. माय बादली घेऊन जाते, मंग?