कुंकवाचा नारळ

नाय नाय, कडी काढू नको गं — राहू दे. कोंबड्या शिरतात आत. परवा एक पिठाच्या डब्यावर चढून बसली होती, सगळं पीठ टाकून द्यावं लागलं. तू बस. त्या पोत्यावर नको, झेंडू हाय त्यात, ही घोंगडी घे. तुझा बाप टॅक्सीत बसलाय तर बसू दे की — चिंचेखाली उभी हाय गाडी, उन्हात थोडीच हाय? हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे. मॉरिशसहून इथवर विमानानं आलं माणूस, आता मालनबाईच्या दारात घटकाभर थांबायचं तर जड जातंय व्हय त्याला?

आणि तो नारळ खाली ठेवू नको! आधीच सांगते. पदरात घे — पदर कुठला म्हणा, तू फ्रॉक घालून आलीस — बरं, मांडीवर ठेव. पण जमिनीवर नाय ठेवायचा अन् माझ्या हातात तर नायच नाय द्यायचा. कुंकवाचा नारळ हाय तो. परत आला म्हणजे सोयरीक मोडली. दिलेला खण परत, नारळ परत, की झालं, चार माणसांत नाक कापलं. असं काय बघतेस? तुला ठाऊक नव्हतं? काल पाटावर कशाला बसली होतीस मग? मी कुंकू लावलं, खण दिला, ओटीत नारळ घातला, शेजारची नवसाबाई साखर वाटत फिरली, कोंडाजी भाऊजींनी — माझे थोरले दीर ते — मळ्यातल्या मळ्यात चार घरांना हाक मारून सांगितलं, मालनच्या पोराचं, भिमाजीचं जमलं म्हणून. तेव्हा तू हसत होतीस. उठून सगळ्यांच्या पाया पडलीस. भावकीतल्या म्हाताऱ्या भागुबाईच्या दोनदा पडलीस, तिला बिचारीला रडूच फुटलं. आता आज येऊन म्हणतेस, मावशी, हे परत घ्या! असं भातुकलीत असतं बाय, घरादारात नसतं.

मधी बोलू नको. तुला काय सांगायचंय ते सांगशील सावकाश, आधी माझं ऐक.

मी बोलवायला आले होते का तुला? तू आलीस आपल्या पायांनी. धरण बघून येत होता तुम्ही लोक, झेंडू बघून गाडी थांबवलीस, फोटो काढायचा म्हणालीस. मी म्हटलं काढ बाई, गंगापूर रोडला रोज एक मळा मोजणीवाल्याच्या साखळीखाली जातोय, पुढच्या साली इथं झेंडू असेल का बंगला असेल कोणाला ठाऊक. मग नाव विचारलं. तर म्हणे चंद्रभागा! अगं बाई, म्हटलं, असली नावं आमच्यात आता म्हाताऱ्यांचीच राहिली, पोरी सगळ्या संगीता न् सुनीता. तुझ्या पणज्याला कोण घेऊन गेलं त्या बेटावर ऊस तोडायला देव जाणे, पण नाव तेवढं जपलंत तुम्ही. माझ्या सासूचं नाव ते. म्हटलं ही आपलीच हाय.

मग दुसऱ्या दिवशी एकटीच आलीस, शहर बसनं. फुलं खुडते म्हणालीस — फुलं कसली, निम्म्या कळ्याच खुडल्यास! मी बोलले का एका शब्दानं? दुसरी कोणी असती तर पाठीत घातली असती. भाकरी थापायला बसलीस, तुझ्या बेटाचा नकाशा निघाला परातीत. ठेचा खाल्लास, डोळ्यांतनं गंगा-गोदावरी, तरी म्हणतेस अजून वाढा मावशी. आणि जेवता जेवताच सांगितलंस ना, तुझी आजी तिकडं निघालेल्या पाहुणीची ओटी भरते, मुलगी असो, बाई असो, ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाय. तेव्हाच माझ्या मनात आलं, ही पाटावर बसायला नाय म्हणायची नाय—

म्हणजे तसं नाय. तसं नाय म्हणत मी. मनात आलं म्हणजे, चांगलं वाटलं, एवढंच. तू उगा डोळे मोठे करू नकोस.

बरं, माझ्या भिमात काय वाईट हाय ते तरी सांग. सातपूरला कारखान्यात फिटर हाय, आयटीआय झालेला. सुपारीचं खांड नाय तोंडात. बाप गेला तेव्हा मिसरूड नव्हतं फुटलं, तेव्हापासनं पाटाच्या पाण्याला रातपाळी करायची अन् दिवसा शाळेत डुलक्या घ्यायच्या. उलटून बोलत नाय. बोलतच नाय म्हणा ना! एकच गोष्ट बोलला मला आयुष्यात, अन् ती बोलला ती अशी बोलला की मी भरल्या ताटावरनं उठले. दिवाळीच्या आधी. ह्याच चुलीपुढं. म्हणाला, आई, मी लग्न करीन तर विशाखाशी करीन.

कोण विशाखा? — तू विचारतेस? विचारतेस का ठाऊक हाय तुला? नाय, तुला कुठलं ठाऊक असणार. ती नाल्यापलीकडं वसाहत हाय ना, निळा झेंडा लागलाय, तिथली. बुद्धाची माणसं. मास्तरीण हाय ती पालिकेच्या शाळेत. पोरगी म्हणून काय वाईट नाय, मी खोटं कशाला बोलू, देवानं तोंड दिलंय. पण माळ्याच्या घरात? भाऊजी काय म्हणतील? उद्या भागुबाई माझ्या हातचं पाणी घेईल का? लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार, तू का मी? तुमच्याकडं जहाजात बसले तेव्हाच जात समुद्रात पडली म्हणतेस, एका भांड्यातनं जेवले सगळे — तुमचं ठीक हाय बाई, तुम्हाला मागं बघायला कोणी नव्हतं. मला इथंच राहायचंय. ह्याच बांधावर.

तसं ती पोरगी मायेची हाय. गेल्या पावसाळ्यात मला कावीळ झाली, सरकारी दवाखान्यात पडले होते, तर भावकीतल्या बायका येऊन नुसत्या दारातनं बघून गेल्या. ही शाळा सुटली की यायची. उशाशी बसायची. पेज करून आणायची डब्यातनं, चमच्यानं भरवायची, अन् मी—

मी प्याले. तहान-भूक काय जात बघते? प्याले. रोज प्याले. कोणाला सांगू नकोस बरं का. नवसाबाईला तर अजिबात नाय, ती गावभर करील. घरी आल्यावर पेज प्यालेली माझी वाटी मी घासून, विटाळ जायला निखारा टाकून मग घरात घेतली. भिमानं पाहिलं ते. नुसता बघत राहिला माझ्याकडं. बोलला असता तर बरं झालं असतं गं.

मग सांग, मी काय करायचं होतं? आपलेच दात अन् आपलेच ओठ. पोराला मारायचं का जीव द्यायचा? त्यात तू आलीस. नाव सासूचं, शिकलेली, दूरदेशची — कोणी कूळ विचारणार नाय, कोणी नाव ठेवणार नाय, उलट मळाभर रुबाब, मालनची सून विमानानं आली! एकदा कुंकू लागलं, चार माणसांनी साखर खाल्ली, की भिमा बांधला गेला. तो माझा शब्द खाली पाडायचा नाय, मी ओळखते त्याला. तुझं काय, तू आता जाशील तुझ्या देशी. मग पुढचं पुढं. तू आली असतीस तर सोन्याहून पिवळं, नसतीस आली तरी साल-दोन साल माझं पोर त्या नारळाला बांधलेलं राहिलं असतं, तोवर त्या पोरीचं कुठंतरी—

हां. म्हणाले. म्हणाले तर म्हणाले! आईची जात हाय, आई काय वाट्टेल ते करते पोरासाठी. तुला पोर होईल तेव्हा कळेल.

आणि भिमा तयार हाय! हे बघ, हे तुला सांगायचंच राहिलं. काल रात्री पाळीवरनं आला, मी सांगितलं, बाबा, असं असं झालं, चंद्रभागेला कुंकू लावलं. मला वाटलं थाळी फेकतोय आता. पण नाय. गुमान जेवला. मी म्हटलं, येवल्याला चिमाजी विणकराकडं पैठणी सांगून ठेवलीय मी, जांभळी, मोराच्या पदराची, सुनेसाठी म्हणून, कितीक दिवस झाले, सकाळी जाऊन घेऊन ये. तर पहाटेच्या एसटीनं गेला की! कधी नव्हे ते माझं ऐकलं. जाताना पायाला हात लावून गेला. मी इथं उंबऱ्यात बसून रडले आनंदानं. आणि परवा तू त्याच्या सायकलवर डबल सीट बसून शाळेकडं गेली होतीस, ते काय मला कळलं नाय व्हय? नवसाबाईनं डोळ्यांनी पाहिलं. शाळेच्या फाटकाशी कितीतरी वेळ बोलत उभे होते म्हणाली. म्हटलं बरं झालं, दोघांचं पटतंय.

कोणत्या शाळेकडं गेला होतात गं?

नको, नको सांगू. काय करायचंय मला.

परत हॉर्न! काय घाई लागलीय ह्या माणसाला? थांब, मीच सांगते त्याला खिडकीतनं. चहा घ्या म्हणावं, आत या म्हणावं, इतका काय— अगं! अगं, मागं भिमा बसलाय! भिमाच हाय की तो! बघितलंस? आला येवल्याहून, स्टँडवरनं तुमच्याच गाडीत आला वाटतं! अन् तू म्हणे नारळ परत घ्या! सासऱ्याच्या गाडीत जावई बसलाय अन् ही म्हणे नारळ परत घ्या! उतरत का नाय मग? लाजतोय? पलीकडं तुझी आई बसलीय ना, तिच्याशी बोलतोय वाटतं.

काय?

आई लॉजवर हाय? मग ती कोण मागं?

डोकं खाली घातलंय तिनं. पदर दारात अडकलाय, बाहेर लोंबतोय. जांभळा हाय. मोर हायत त्याच्यावर.

ती माझी पैठणी हाय.

...लग्न लागलं? कधी? आज? नाल्यापलीकडच्या विहारात? अन् तुझा बाप साक्षीला उभा राहिला? वा गं वा. मी तुला ठेचा खाऊ घातला, अन् तुम्ही बापलेकींनी माझं घर— मी काल कुंकू लावलं नसतं तर? तर थांबला असता म्हणाला? माझं मन वळेपर्यंत थांबणार होता? मग मीच घाई केली म्हणायची! मीच त्याला येवल्याला धाडला, मीच पैठणी आणायला लावली, मीच— पायाला हात लावून गेला गं तो. म्हणून हात लावून गेला.

नवसाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली बघ. आता मळा गोळा होईल. खाली उतरत का नाय मग ती? भिते मला? एवढी लग्न लावून आली, आता भ्यायचं काय?

काय म्हणाली? परत सांग. नीट सांग, तुझी भाषा कधी कधी कळत नाय मला.

नारळ परत घेतल्याशिवाय उंबऱ्याला पाय लावायचा नाय म्हणाली? मावशींनी चार माणसांत शब्द दिलाय, तो त्यांनीच सोडवला पाहिजे, म्हणाली? ती? विशाखा म्हणाली असं? भिमा म्हणत होता आईला सांगूच नको, सरळ खोली घेऊन राहू सातपूरला — अन् ती म्हणाली, नाय, आधी नारळ?

म्हणून तू केव्हाची तो मांडीवर धरून बसलीस. आणि मी तुला बोलूच देत नाय.

...

बायका काय म्हणतील, भाऊजी काय म्हणतील, भागुबाई— जाऊ दे भागुबाई. कावीळ झाली तेव्हा आली होती का ती?

दे. दे म्हणते ना! माझ्या हातात दे. घट्ट धर, सुटेल. खण राहू दे तुला, तुझ्या आजीला म्हणावं, नाशिकच्या मालननं पाहुणीची ओटी भरली. एवढंच होतं ते. एवढंच सांगायचं सगळ्यांना.

रडू नकोस आता, मला नाय चालत कोणी रडलेलं. आणि माझ्याकडं बघू नकोस. जा तू. तुझं विमान चुकायचं. जा म्हणते ना. त्यांना काय सांगायचं? मी काय सांगू, काय सांगायचं नाय मला, मला कोणाचं तोंड बघायचं नाय. कडी काढ अन् जा.

अगं, दार लोटू नको.

उघडंच राहू दे ते. कोंबड्या शिरल्या तर शिरू देत.