म्हातारबाबाची किल्ली

...अहो नाही नाही, आत नका जाऊ, इथंच पायरीवर बसा, मीही बसलोय ना! घर माझं, दार माझं, आणि तरी बाहेर बसलोय. का ते सांगतो. पण आधी एक सांगून ठेवतो, काहीही करा, गावसभा चालू असताना उठून बाहेर जाऊ नका! मी गेलो. माझं खेचर सुटलं होतं, ते बांधून परत येतो तर अख्खी सभा टाळ्या वाजवतेय. म्हटलं, काय झालं? तर आमचे सरपंच, तेलेस्फोरोकाका, म्हणाले, "अभिनंदन फिदेन्सियो! यंदा संग्रहालयाचा प्रमुख तू!" आता आमच्या सान हासिंतोत गावाने काम दिलं की नाही म्हणायची सोय नाही. म्हणून बघा नाही, मग मेल्यावर खांदा द्यायला कोण येतं तेही बघा!

आणि संग्रहालय म्हणजे काय हो? शाळेमागची एक खोली, खोलीत काचेचं एक कपाट, आणि कपाटात आमचा म्हातारबाबा. भाजलेल्या मातीचा, हातभर उंच, बटबटीत डोळे, सुळे बाहेर. शाळेचा पाया खणताना सापडला. शिकलेले लोक त्याला पाऊसदेव कोसीहो म्हणतात, आम्ही म्हातारबाबा म्हणतो. शहरातले साहेब त्याला न्यायला आले तेव्हा सगळं गाव त्यांच्या गाडीपुढे रस्त्यात बसलं होतं, पोराबाळांसकट! शेवटी ठेवला त्यांनी, पण अटीवर. कपाटाबाहेर दिसला की उचलून शहरात नेणार, कायमचा. आणि तुरुंगात कोण जाणार? ज्याच्याकडे किल्ली तो. आणि किल्ली कुणाकडे? माझ्याकडे!

बरं, वर्षभर गुपचूप काच पुसत बसलो असतो, पण नोएमीबाईंचा फोन आला. पुरातत्त्व खात्याच्या बाई, आवाज गोड, पण कामाला कडक. "फिदेन्सियो, गावासाठी मोफत वर्ग घेऊ या. खापरं कशी ओळखायची, जुने देव कसे ओळखायचे, पडद्यावर चित्रं दाखवीन. आणि त्याच फेरीत म्हातारबाबा नीट आहे ना तेही तपासून जाईन. सगळ्यांना सुट्टी कधी असते?" मी शहाण्याने सांगितलं, तीन मेला! पवित्र क्रूसाचा सण, सकाळी गाव डोंगरावर पाऊस मागायला जातं, दुपारी परत येतं, चारला वर्ग ठेवा. किती हुशार मी! डोंगरावर पाऊस मागायला जातात, पण कुणाला घेऊन जातात, हे विचारावंसं वाटलं का मला? नाही वाटलं.

तीन मे उजाडला. खुर्च्या मांडल्या, अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावल्या, पडदा टांगला, तो नेमका कपाटासमोर, कारण दुसरीकडे खिळाच नव्हता. म्हटलं जाता जाता काच पुसून घेऊ. पडदा उचलला आणि... कपाट रिकामं! कुलूप जागच्या जागी, आत कुणी नाही! घरी पळालो. बायको, अम्पारो, शांतपणे भाकरी थापतेय.

"अम्पारो! म्हातारबाबा!"

"आई घेऊन गेली डोंगरावर."

"म्हातारबाबाला?"

"मग काय तुम्हाला? शेतात बघितलंत का? माती फुटलीय नुसती. दरवर्षीच नेते ती. आधीचे प्रमुख स्वतः कपाट उघडून द्यायचे."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही घाबरट. रात्री विजारीच्या खिशातून किल्ली काढली, काम झालं, परत ठेवली. कुलूपसुद्धा लावून गेली बिचारी."

बिचारी! माझ्या सासूबाई, एपिफानियाबाई! गावातल्या यच्चयावत माणसाला माहीत, फक्त ज्याच्याकडे किल्ली त्याला माहीत नाही! आणि तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज. नोएमीबाई. तासभर आधी!

"आधी म्हातारबाबाला बघते, मग वर्ग," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, आधी जेवण! आमच्याकडे पाहुण्याला ताटावर नाही म्हणता येत नाही, हे एक बरं आहे. मोले, म्हणजे आमचा मिरच्यांचा दाट रस्सा, वाढलं. संपलं, परत वाढलं. बाईंचा चेहरा लाल झाला तरी अम्पारो वाढतेय. मग बँड बोलावला. आमच्या बँडला तीनच गाणी येतात, ती पहिल्यापासून परत वाजवायला लावली. आणि मी डोंगराकडे बघतोय, बाकी गाव परतलं, सासूबाईंचा पत्ता नाही! तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा मला तुरुंगाची भीती नव्हती वाटत. म्हातारबाबा गेला तर या गावात कुणी माझं तोंड बघणार नाही, याची वाटत होती.

शेवटी वर्ग सुरू झाला. खोली खचाखच. आणि दारातून सासूबाई आत! धुळीने भरलेल्या, छातीशी शालीत गुंडाळलेलं गाठोडं, थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. दुसरीकडे जागा नव्हती का हो? बाई वाकल्या, "अगंबाई! नातू का?"

"पणतू," सासूबाई म्हणाल्या, "झोपलाय. हात नका लावू."

बाई शिकवायला लागल्या. "कोसीहो ओळखायचा कसा? डोळ्यांभोवती कडी, सुळे बाहेर, जीभ दुभंगलेली." मागून कुणीतरी पुटपुटलं, "पणतू पणजीवरच गेलाय." कुणी हसेना! सगळ्यांचे डोळे त्या शालीवर, कारण शालीतून मातीचा एक कान हळूहळू बाहेर यायला लागला होता. मी खोकलो. सासूबाईंनी शाल ओढली. बाई म्हणाल्या, "चला, आता प्रत्यक्षच बघू. फिदेन्सियो, किल्ली?"

आणि किल्ली कुणाकडे? माझ्याकडे! मी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, पहिला पुन्हा चाचपला... आणि कडाड्‌! असा गडगडाट, की खिडक्या हादरल्या. पत्र्यावर पाऊस ओतायला लागला आणि वीज गेली! काळामिट्ट अंधार. माझ्या खिशातली किल्ली कुणीतरी हिसकली, माझ्या पायावर कुणीतरी पाय दिला, "सरक मेल्या!" असा ओळखीचा आवाज, कुलूप खट्ट, काच करकर...

वीज आली. बाईंनी पडदा बाजूला केला. म्हातारबाबा कपाटात! मी सुटकेचा श्वास सोडणार, तर बाई म्हणतात, "हा ओला कसा?"

डोंगरावर मेस्कालने, आमच्या गावठी दारूने, आंघोळ घातली होती त्याला! ते मी सांगू? सगळे माझ्याकडे बघतायत. तोंडातून निघून गेलं, "छप्पर गळतं, बाई."

गेल्याच वर्षी गावाने राबून घातलेलं कोरं छप्पर! वर पाऊस थडाथडा, खाली एक थेंब नाही! तरी सरपंच म्हणाले, "गळतं, फार गळतं!" मग सगळंच गाव, "गळतं, गळतं!" बाईंनी म्हातारबाबाच्या डोक्यावरून झेंडूची पाकळी उचलली, हुंगली. "आणि छपरातून हेही पडतं वाटतं?"

सरपंच वर छपराकडे बघायला लागले.

"ठीक आहे. गळक्या छपराखाली याला ठेवता येणार नाही."

संपलं, म्हटलं. तर सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कापताना मी पहिल्यांदा ऐकला. "बाई, तुमच्याकडे शहरात मका पिकतो का? नाही ना? मग तिथं हा काय करेल? इथं आम्ही त्याला हाक मारतो. तिथं कोण मारणार?"

बाईंनी दाराबाहेरचा पाऊस बघितला. मग म्हणाल्या, "शहरात कोण नेतंय? छप्पर दुरुस्त होईपर्यंत गावातच राहील, कोरड्या जागी. ज्याच्याकडे किल्ली, त्याच्या घरी. छप्पर झालं की मी स्वतः बघायला येईन."

मी बाईंच्या गाडीच्या काचा चढवायला बाहेर पळालो, पाऊस आत जात होता हो! परत येतो तर टाळ्या. "अभिनंदन फिदेन्सियो! छपराचा प्रमुखही तूच!" म्हणजे आता धडधाकट छप्पर उचकटायचं आणि परत घालायचं, तेही पावसाळा संपल्यावर!

तोवर म्हातारबाबा आमच्या घरात, माझ्या पलंगावर. जमिनीला ओल असते म्हणे! मेणबत्त्या, धूप, दिवसभर बायकांची रीघ. पुरुषांनी मध्येमध्ये करायचं नाही, असा हुकूम आहे. दाराला नवं कुलूप बसलंय. आणि किल्ली कुणाकडे? सांगा ना, किल्ली कुणाकडे? ...हे बघा, आला पुन्हा पाऊस. सासूबाई! अहो सासूबाई! निदान टोपी तरी द्या हो खिडकीतून!