मदरला कुंकू

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी पिशवी पोटाशी धरून उभा होतो. माझ्यापुढच्या गिऱ्हाइकाने आपला मदरबोर्ड काउंटरवर ठेवला.

"साईं, नवा द्या. परवा बायकोची ऑनलाइन मुलाखत आहे."

"यावर हे लाल काय सांडलंय?"

"सांडलं नाय, लावलंय. दसऱ्याची पूजा."

"अरे बाबा, लोक डब्ब्याला बाहेरून टिळा लावतात."

"बाहेर नुसता पत्रा आहे. आत मदर आहे. तिला सोडून पत्र्याला पुजायचं?"

"बायकोला माहीत आहे?"

"तिला सांगितलंय, अपग्रेड करतोय."

"ठीक. हे दोन बघ. दोन्हीवर तुझा जुना प्रोसेसर बसेल. काळा घे, मजबूत आहे."

"लाल नाय का?"

"लाल कशाला?"

"पुढच्या दसऱ्याला दिसून येणार नाय."

"काळाच घे, आणि डब्बा वेल्डिंग करून टाक. हां भाऊ, तुमचं काय?"

"मी आपला माउस बघायला आलोय," मी म्हणालो आणि पिशवीचं तोंड आवळलं.

त्याने नुसतं कुंकू लावलं होतं. मी नारळ फोडला होता.